अविश्वासी आप्तांसाठी प्रार्थना आणि देवावरील भरवसा : एका प्रश्नाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

आपल्या श्रद्धेत सहभागी नसलेल्या आप्तांसाठी ख्रिस्ती माणसाने प्रार्थना करावी काय, करावी तर नेमके काय मागावे, आणि मागितलेले आयुष्यभर पदरात पडले नाही तर देवावरचा भरवसा कशाच्या आधारे टिकवावा, हे तीन प्रश्न ख्रिस्ती विचारात जवळजवळ आरंभापासून एकमेकांत गुंतलेले आहेत. दुसऱ्यासाठी देवापुढे केलेल्या याचनेला ख्रिस्ती परिभाषेत मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. आजारी, प्रवासी, राज्यकर्ते यांच्यासाठी अशी प्रार्थना करण्याबाबत फारसा वाद नाही. याचना जेव्हा दुसऱ्याच्या अंतःकरणातील विश्वासासाठी, म्हणजेच त्याच्या तारणासाठी असते, तेव्हा मात्र देवाची सत्ता, माणसाची इच्छा आणि आप्तांचे प्रेम या तिन्ही गोष्टी एकाच जागी येतात आणि त्यांचा मेळ कसा घालावा यावर मतभेद सुरू होतात.

महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ पुस्तकी राहिलेला नाही. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील ख्रिस्ती लोकांचे प्रमाण सुमारे एक टक्का असून जळगाव जिल्ह्यात ते त्याहूनही कमी आहे. पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने आणि भुसावळ-जळगाव-चाळीसगाव या रेल्वेच्या पट्ट्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने केलेल्या कामातून लहानलहान मंडळ्या उभ्या राहिल्या. परंतु तापीच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या रावेरसारख्या केळीच्या तालुक्यात ख्रिस्ती कुटुंब हे बहुधा मोठ्या बिगरख्रिस्ती गोतावळ्यातील एक घर असते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते, पितरांच्या नावाने घागर भरली जाते आणि सारी भावकी एका पंगतीला बसते. ती लेक ख्रिस्ती असेल तर घागरीपुढे हात जोडावेत की नाही, पंगतीत कोठे बसावे आणि रात्री एकटीने आईबापांसाठी देवाजवळ काय मागावे, हे तिला ठरवावे लागते. त्यामुळे प्रस्तुत प्रश्नाचा आढावा घेताना धर्मशास्त्रातील युक्तिवादांइतकेच घरातील आचरणालाही महत्त्व द्यावे लागते.

शास्त्रातील आधार आणि त्यांतील ताण

नव्या करारात या प्रार्थनेला अनेक आधार सापडतात. रोमकरांस पत्राच्या नवव्या व दहाव्या अध्यायांत पौल आपल्या यहुदी बांधवांविषयीचे दुःख बोलून दाखवतो आणि त्यांच्या तारणासाठी आपण देवाजवळ विनंती करतो असे सांगतो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सर्व माणसांसाठी प्रार्थना करण्याचा आदेश असून, सर्वांचे तारण व्हावे ही देवाची इच्छा आहे, असे त्याचे कारणही दिलेले आहे. लूकच्या अठराव्या अध्यायातील चिकाटीने न्याय मागणाऱ्या विधवेचा दाखला न खचता मागत राहण्यासाठी नेहमी पुढे केला जातो.

घरातील विश्वासभेदाचा थेट विचार दोन ठिकाणी येतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल सांगतो की, विश्वास न ठेवणारा जोडीदार एकत्र राहण्यास राजी असेल तर विश्वासी जोडीदाराने त्याला सोडू नये. आणि पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात विश्वासी पत्नीला असे सुचवले आहे की, शब्दांवाचून केवळ वागणुकीनेही पतीचे मन जिंकले जाऊ शकते.

या उताऱ्यांच्या अर्थाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. करिंथकरांस पत्राच्या त्याच प्रकरणात, तू आपल्या जोडीदाराचे तारण करशील की नाही हे तुला काय ठाऊक, अशा आशयाचा प्रश्न येतो. काही भाष्यकार त्यात आशा वाचतात, तर काहींच्या मते जोडीदाराच्या मनावर आपला ताबा नाही याची ती जाणीव आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याला तो व त्याचे घराणे तारले जाईल असे सांगितले जाते. मराठी उपासनांत हे वचन धरून संपूर्ण कुटुंबासाठी प्रार्थना करण्याची प्रथा आहे. अनेक भाष्यकार मात्र ते त्या एका प्रसंगापुरते आश्वासन मानतात आणि प्रत्येक घराला दिलेली हमी म्हणून ते वाचू नये असे सुचवतात.

मोनिकापासून थॉमस अक्विनासपर्यंत

ख्रिस्ती परंपरेत या प्रार्थनेचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे उत्तर आफ्रिकेतील मोनिका. तिचा पती पात्रिकियुस याने आयुष्याच्या अखेरीस बाप्तिस्मा घेतला, आणि मुलगा ऑगस्टिन याने अनेक वर्षे मानी पंथात घालवल्यानंतर ३८७ साली मिलान येथे बिशप अँब्रोज यांच्या हस्ते बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी मोनिकाचा ओस्तिया येथे मृत्यू झाला. ऑगस्टिनने ‘कबुलीजबाब’ या ग्रंथात नोंदवलेले दोन प्रसंग पुढील चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. पहिल्या प्रसंगात मोनिका एका बिशपला मुलाशी वाद घालून त्याचे मन वळवण्याची गळ घालते, तेव्हा तो नकार देतो, मुलाला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे आणि आपण केवळ प्रार्थना करीत राहावी असे सुचवतो, आणि इतके अश्रू ज्याच्यासाठी ढाळले गेले तो मुलगा गमावला जाणार नाही असा दिलासा देतो. दुसऱ्या प्रसंगात मुलगा रोमला जाऊ नये म्हणून ती कार्थेजच्या किनाऱ्यावरील प्रार्थनास्थळी रात्रभर विनवणी करते आणि त्याच रात्री तो तिला चुकवून गलबताने निघून जातो. मागे वळून पाहताना ऑगस्टिनने असा अर्थ लावला की, त्या रात्रीची मागणी देवाने नाकारली ती तिची मूळची मोठी मागणी पुरी करण्यासाठी, कारण रोमच्या वाटेनेच तो मिलानला पोहोचला. प्रार्थना नाकारली जाणे आणि प्रार्थना दुर्लक्षिली जाणे यांतील हा भेद भरवशाविषयीच्या पुढील साऱ्या लेखनाचा पाया ठरला.

उत्तरायुष्यात ऑगस्टिनने या अनुभवातून एक सिद्धान्तही काढला. विश्वास ही सर्वस्वी माणसाच्या हातची गोष्ट असती तर अविश्वासी लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून मंडळीने देवाजवळ मागण्यात अर्थ उरला नसता, असा युक्तिवाद त्याने कार्थेजच्या व्हितालिसला लिहिलेल्या पत्रात केला. त्याचा अनुयायी अक्विटेनचा प्रॉस्पर याने हाच धागा पुढे नेऊन, मंडळी ज्या रीतीने प्रार्थना करते त्यावरून ती काय मानते हे ठरवावे, असे सूत्र मांडले.

तेराव्या शतकात थॉमस अक्विनासने दोन महत्त्वाचे मुद्दे जोडले. प्रार्थनेने देवाचा निर्णय बदलत नाही. काही गोष्टी प्रार्थनेच्या द्वाराच घडाव्यात असे देवाने आधीच योजलेले असते, त्यामुळे प्रार्थना ही त्या योजनेचाच भाग ठरते, हा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा अधिक सावध आहे. प्रार्थना निश्चितपणे फळास येण्याच्या अटी सांगताना त्याने, माणसाने ती स्वतःसाठी केलेली असावी, अशीही अट घातली. कारण दुसऱ्यासाठी मागितलेली कृपा ज्याच्यासाठी मागितली त्याच्याच बाजूच्या अडथळ्यामुळे अडू शकते. मोनिकाच्या उदाहरणातून मिळणाऱ्या आशेला अक्विनासने घातलेली ही मर्यादा आजही विचारात घेतली जाते.

धर्मसुधारणेनंतरच्या दोन भूमिका

सोळाव्या शतकानंतर प्रोटेस्टंट विचारात या प्रश्नावर दोन स्पष्ट प्रवाह दिसतात. कॅल्विनच्या परंपरेत कोणाचे तारण व्हावे हे देवाच्या निवडीवर अवलंबून असते; सर्वांचे तारण व्हावे या देवाच्या इच्छेचा अर्थ कॅल्विनने सर्व प्रकारच्या, सर्व स्तरांतील लोकांचे तारण असा केला. या परंपरेचे म्हणणे असे की, हृदय बदलण्याचे सामर्थ्य देवाजवळ आहे म्हणूनच त्याच्याजवळ ते मागण्यात अर्थ आहे. जे. आय. पॅकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात असा मुद्दा मांडला की, दुसऱ्याच्या मनपरिवर्तनासाठी गुडघे टेकणारा प्रत्येक ख्रिस्ती माणूस, तो तत्त्वतः काहीही मानत असला तरी, त्या क्षणी देवाची सत्ता मान्य करीतच असतो.

आर्मिनियस आणि पुढे अठराव्या शतकात जॉन वेस्ली यांच्या परंपरेत देवाची कृपा प्रत्येक माणसापर्यंत आधीच पोहोचलेली असते, ती त्याला प्रतिसाद देण्यास समर्थ करते, परंतु प्रतिसाद देणे वा नाकारणे त्याच्यावर सोडते. या दृष्टीने आप्तांसाठी प्रार्थना करणे म्हणजे त्यांच्यासमोर प्रकाश, संधी आणि चांगली माणसे यावीत अशी विनंती करणे होय. देवाने त्यांच्या इच्छेवर जबरदस्ती करावी, अशी ती मागणी नसते. पहिल्या भूमिकेत भरवशाला भक्कम आधार मिळतो, पण ज्याची निवड झालीच नसेल त्याच्यासाठीच्या प्रार्थनेचे काय, हा प्रश्न उरतो; दुसऱ्या भूमिकेत आप्तांचे स्वातंत्र्य अबाधित राहते, पण देव अखेर किती करू शकतो याविषयी शंका उरते. दोन्ही परंपरांतील माणसे प्रत्यक्ष प्रार्थनेत मात्र जवळजवळ सारख्याच शब्दांत मागतात, ही बाब अभ्यासकांनी वारंवार नोंदवली आहे.

महाराष्ट्रातील अनुभव

मराठी ख्रिस्ती इतिहासात हा प्रश्न प्रथम कौटुंबिक फाटाफुटीच्या रूपाने पुढे आला. बाप्तिस्मा घेणारा माणूस जातीबाहेर जाई आणि त्याचे सहजीवनच तुटे, इतके की १८६६ साली ब्रिटिश सरकारला धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. या पार्श्वभूमीवर रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे उदाहरण विशेष ठरते. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई माहेरच्या नातलगांकडे राहिल्या आणि त्यांचा ताटातुटीचा काळ सुरू झाला. पुढे त्या पतीजवळ आल्या तरी स्वतंत्र स्वयंपाक, वेगळे पाणी आणि सोवळेओवळे पाळीत राहिल्या, आणि टिळकांनी ते पाळू दिले. जातिभेद हा देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, असे लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या विचारात उतरल्यानंतर प्रथम त्यांचे सोवळे गळाले आणि मग १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मकथेमुळे या विषयाच्या अभ्यासकांना एक दुर्मीळ गोष्ट उपलब्ध झाली आहे : ज्या व्यक्तीसाठी प्रार्थना केली जाते तिचीच बाजू, तिच्या रागासह आणि दुःखासह. मोनिकाच्या बाबतीत प्रार्थना करणारीची कथा मुलाने लिहिली. येथे जिची वाट पाहिली गेली तिने स्वतः लिहिले, आणि आपला निर्णय आपल्याच विचाराने झाला असे ठामपणे नोंदवले.

याच घराचा खानदेशाशी आलेला संबंध प्रश्नाची दुसरी बाजू दाखवतो. १९०७ साली जळगाव येथे भरलेल्या महाराष्ट्र कविसंमेलनात धरणगावचा तरुण कवी त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, पुढे आला आणि टिळकांच्या कुटुंबाशी त्याचा स्नेह जुळला. अहमदनगरला तो त्यांच्या घरी मुलासारखा राहिला. १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात त्याचा मृत्यू झाला, तोवर तो ख्रिस्ती झालेला नव्हता, आणि टिळकांच्या घरातील त्याचे स्थान त्यामुळे उणावले नव्हते. लक्ष्मीबाईंच्या उदाहरणात प्रतीक्षेचा शेवट बाप्तिस्म्यात झाला. बालकवींच्या उदाहरणात तसे काही घडले नाही, तरी माया तशीच राहिली. मराठी ख्रिस्ती अनुभवाचा विचार करताना ही दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवावी लागतात. टिळकांनी १९१७ साली स्थापन केलेल्या ‘देवाचा दरबार’ या बंधुसंघात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना स्थान होते, ही गोष्टही याच संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे.

पंडिता रमाबाईंच्या कार्यात प्रार्थना हाच सार्वजनिक वादाचा विषय झाला. १८८९ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे पुण्यास हलवलेल्या शारदा सदन या त्यांच्या निवासी शाळेत धार्मिक बाबतीत तटस्थता पाळली जाईल अशी अपेक्षा होती. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत, खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली आपणहून तेथे येऊन बसत. रमाबाईंनी कोणावर सक्ती केली नाही, पण दार बंद करण्यासही त्या तयार नव्हत्या. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. आश्रयदात्याच्या जागी असलेल्या व्यक्तीची प्रार्थना आश्रितांवर नकळत दबाव आणते काय, हा टीकाकारांचा मुद्दा होता; श्रद्धा लपवणे हीच अप्रामाणिकपणाची गोष्ट ठरेल, हा रमाबाईंचा. पुढे १९०५ च्या आरंभी केडगावच्या मुक्ती सदनात रमाबाईंच्या आवाहनावरून नित्य मध्यस्थीची प्रार्थना करणाऱ्यांचा गट उभा राहिला, काही महिन्यांतच त्याची संख्या शेकड्यांत गेली आणि त्यातून मुक्तीचे प्रसिद्ध पुनरुज्जीवन घडले. उपास-प्रार्थना आणि आप्तांची नावे घेऊन केलेल्या सामूहिक विनंतीची जी प्रथा आज मराठी मंडळ्यांत दिसते, तिच्यामागील प्रेरणांत या घटनेचा समावेश करावा लागतो.

विसाव्या शतकातील पुनर्विचार

विसाव्या शतकात, कोणासाठी काय मागावे हा प्रश्न नव्याने तपासला गेला. महात्मा गांधींनी १९२८ साली साबरमती येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय बंधुसंघाच्या बैठकीत अशी भूमिका मांडली की, दुसऱ्याला आपल्याच धर्माचा प्रकाश मिळावा असे मागू नये, त्याच्या सर्वोच्च विकासासाठी त्याला जो प्रकाश हवा असेल तो मिळावा असे मागावे. अनेक ख्रिस्ती विचारवंतांना ही भूमिका नम्रतेचा धडा वाटली. इतरांच्या मते ख्रिस्त हाच तो प्रकाश आहे असे मानणाऱ्याला तो न मागणे म्हणजे आप्तापासून सर्वांत मोलाची गोष्ट राखून ठेवणे होय.

कॅथलिक मंडळीत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली असे स्पष्ट केले की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळली नाही पण जे प्रामाणिकपणे देवाचा शोध घेतात त्यांनाही तारण मिळू शकते. कार्ल रानर यांनी अशा लोकांसाठी ‘अनामिक ख्रिस्ती’ ही संज्ञा वापरली, तर परधर्मीय माणसाला न विचारता आपल्या नावाखाली घेणे योग्य नव्हे, असा आक्षेप तिच्यावर आला. गुड फ्रायडेच्या उपासनेतील यहुद्यांसाठीची प्रार्थना सौम्य करण्यात आली. परंतु २००८ साली जुन्या विधीसाठी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी दिलेल्या पाठात त्यांच्या अंतःकरणात प्रकाश पडावा अशी विनंती आल्यावर यहुदी संघटनांनी नाराजी व्यक्त केली. ज्याच्यासाठी प्रार्थना होते त्याला ती अपमानास्पद वाटू शकते, हे या प्रसंगाने ठळक केले.

भारतात या चर्चेला कायद्याचीही एक कड आहे. घटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्माचे आचरण व प्रसार यांचे स्वातंत्र्य दिले असले तरी, १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही असा निर्णय दिला. रावेर तालुक्याला लागूनच असलेल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात मध्य प्रदेशाचा धर्मांतरविषयक कायदा लागू होतो, त्यामुळे सीमेपलीकडे सोयरिकी असणाऱ्या कुटुंबांना तो माहीत असणे आवश्यक ठरते. खाजगी प्रार्थना आणि आमिष वा दबाव यांतील फरक जितका स्पष्ट राहील तितका गैरसमज टळतो, यावर मंडळ्यांचे नेते आणि त्यांचे टीकाकार यांच्यात बरीचशी सहमती आढळते.

तत्त्वज्ञानातील चर्चा

देव सर्वस्वी चांगला असेल तर जे हितकर आहे ते तो न मागताही देईल, मग मागण्याचे प्रयोजन काय, हा जुना प्रश्न एलिओनोर स्टंप यांनी १९७९ सालच्या निबंधात नव्याने हाताळला. त्यांच्या मते मागणे आणि देणे या व्यवहारामुळे देव व माणूस यांच्यात असे नाते तयार होते की, त्यात माणूस देवाच्या अपार सामर्थ्याखाली दबून जात नाही आणि लाडावतही नाही. स्वतःसाठीच्या प्रार्थनेला हे उत्तर चांगले लागू पडते. दुसऱ्यासाठीच्या प्रार्थनेला मात्र अपुरे पडते, कारण एकाने मागितले नाही म्हणून दुसरा तारणाला मुकावा हे न्याय्य वाटत नाही. व्हिन्सेंट ब्रूमर यांच्यासारख्या विचारवंतांनी यावर असे सुचवले की, मध्यस्थीची प्रार्थना करणारा स्वतःला देवाच्या कार्यासाठी उपलब्ध करतो आणि त्यामुळे आप्तांशी असलेले त्याचे वागणे बदलते. प्रार्थनेचा प्रभाव प्रयोगाने मोजण्याचे प्रयत्नही झाले. हृदयशस्त्रक्रियेच्या सुमारे १८०० रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्रयस्थांच्या प्रार्थनेचा लाभ दिसून आला नाही. तथापि तो अभ्यास शरीराच्या प्रकृतीविषयी होता, आणि विश्वास हा अशा मोजमापात बसणारा परिणाम नाही, असे दोन्ही बाजूंचे अनेक अभ्यासक मानतात.

न सुटलेले प्रश्न

चार प्रश्न अद्याप खुले आहेत. पहिला, देव माणसाच्या इच्छेला न मोडता तिला किती वळवू शकतो. दुसरा, प्रार्थनेला यश आले असे केव्हा म्हणावे. बाप्तिस्मा ही एकच खूण मानली तर बालकवींसारखी उदाहरणे अपयशात जमा होतात, आणि ती खूण सोडली तर मागण्याला नेमका आशय राहत नाही. तिसरा प्रश्न मृतांचा आहे. कॅथलिक परंपरा मृतांसाठी प्रार्थना करते, बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या करीत नाहीत. विश्वासाविना गेलेल्या आईबापांविषयी काय म्हणावे हे विचारणाऱ्या मराठी ख्रिस्ती माणसाला त्यामुळे मंडळीगणिक वेगळे उत्तर मिळते. हान्स उर्स फॉन बाल्थासार यांनी १९८६ साली, सर्वांच्या तारणाची खात्री देता येत नसली तरी आशा बाळगता येते, अशी मधली भूमिका घेतली, आणि तीवरही दोन्ही बाजूंनी टीका झाली. चौथा, भरवसा आणि चिकाटी यांचे नाते. देवाच्या हाती सोपवले म्हणजे मागणे थांबवावे, की सोपवूनही रोज मागावे, याबाबत विधवेचा दाखला एकीकडे आणि गेथशेमाने बागेतील येशूची शरणागती दुसरीकडे ओढते. अर्थात तेथेही येशूने तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा केली होती.

निष्कर्ष

या सर्व भूमिका तपासल्यावर काही मुद्द्यांवरची सहमती मतभेदांइतकीच स्पष्ट दिसते. प्रार्थना देवाकडे केलेली विनंती आहे आणि तिचा उपयोग आप्तांवर दबाव आणण्यासाठी होऊ नये, हे कॅल्विनवादी, वेस्लीवादी आणि कॅथलिक या तिघांनाही मान्य आहे. माया अटीवर ठेवता येत नाही, आणि घरातील वागणूक प्रार्थनेच्या विरुद्ध असेल तर प्रार्थनेचे शब्द पोकळ ठरतात, हेही पेत्राच्या पत्रापासून टिळकांच्या घरापर्यंत सारखेच आढळते. भरवसा म्हणजे इच्छित फळाची खात्री नव्हे. ज्याच्यावर आपले प्रेम आहे त्याच्यावर देवाचे प्रेम आपल्याहून कमी नाही, ही खात्री म्हणजे भरवसा. मोनिकाने मुलाचा बाप्तिस्मा पाहिला, लक्ष्मीबाईंनी आपल्या विचाराने निर्णय घेतला आणि बालकवी आपल्या श्रद्धेतच गेले; या तिन्ही शेवटांना पुरे पडेल असे एकच धर्मशास्त्र अद्याप कोणी मांडलेले नाही. ते मांडले जाईपर्यंत मराठी मंडळ्यांनी आपल्या पाळकांना आणि कुटुंबांना मागणे, वाट पाहणे आणि नाते न तोडणे या तीन गोष्टी एकत्रच शिकवाव्यात, कारण यांपैकी एक सुटली की उरलेल्या दोन्ही बिघडतात, हे या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.